आक्काला आमंत्रण, सायकलवरून

सानपाड्याहून करंजवाडीला जायचे तीन मार्ग आहेत. स्वतःच्या गाडीने साडेतीन तास लागतात. एसटीने, पुढची बस वेळेवर मिळाली तर, पाच. सायकलने दोन दिवस लागतात, आणि आम्ही सायकलने गेलो. आम्ही म्हणजे मी आणि इक्बाल. इक्बालचं नेरूळला हार्डवेअरचं दुकान आहे. माझ्या बिल्डिंगमधले सगळे नळ त्याच्याकडचे आहेत. त्यातले दोन आजही गळतात, तरी मैत्री टिकून आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी करंजवाडीला कुणी गेलं असेल असं वाटत नाही. जायला तसं कारणही नाही. फणसाडच्या जंगलामागे, डोंगराच्या कुशीत ते पन्नास-साठ घरांचं गाव आहे. रस्ता तिथे जाऊन संपतो. माझं कारण होतं आक्का, माझी थोरली बहीण. तिचं सासर तिथलं.

आक्का धवलारीण आहे. आम्ही आगरी, आमच्या लग्नात भटजी असतो, डीजे असतो, हल्ली ड्रोनही असतो, पण हळद चढते ती धवलारणीच्या गाण्यावर. प्रत्येक विधीला तिचा एकेक धवला ठरलेला असतो आणि आमच्या घरचा नियम असा, की तो संपेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. आक्काने धवला धरला की माझे काका हातातला चहा तसाच धरून उभे राहायचे. गार चहा त्यांनी त्याच लग्नांमध्ये प्यायला.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं लग्न झालं. तेव्हा आक्काला मी पत्रिकेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली जोडलेले हात पाठवले, तीन वेळा. ती आली नाही. त्यानंतर तिने माझा फोनही उचलला नाही. आता येत्या वैशाखात मुलीचं, प्रणालीचं लग्न आहे. तिने सरळ सांगितलं, "आत्याने धवला म्हटला नाही तर मी हळदीला बसणारच नाही. पप्पा, तुमी मिसळ खायला खोपोलीपर्यंत सायकल मारता. आत्याकडे जायला काय होतं?"

"मग सायकलनेच जातो," मी म्हणालो. रागात बोललेली गोष्ट पाळायची, हा आमच्या घराण्यातला जुना दोष आहे.

बायको, सुनंदा, म्हणाली, "अहो, गाडी काढा. मी पण येते."

"नको. ठरलं आता."

पत्रिका, एक सोललेला नारळ आणि कुंकवाची पुडी तिने माझ्या सायकलच्या पुढच्या पिशवीत भरून दिली. सायकलला एकवीस गिअर आहेत. त्यातले चार मी वापरतो.

पहिला दिवस: खालाच्या घरापर्यंत

उरणपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कंटेनरच्या मागे सायकल चालवणाऱ्याला फक्त कंटेनर दिसतो. करंजाच्या धक्क्यावर लाँचवाल्याने आमच्या सायकली टपावर चढवल्या आणि एका कोंबड्यांच्या खुराड्याला बांधल्या. खुराड्याची मालकीण सगळी खाडी ओलांडेपर्यंत आमच्या हेल्मेटांकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, "कंपनीची मानसं हाव काय?" इक्बालने हो म्हणून टाकलं. त्यावर ती म्हणाली, तिच्या गल्लीतला दिवा तीन महिने बंद आहे. आम्ही तो बघतो असं आश्वासन देऊन रेवसला उतरलो.

तिथून पुढे आवाज गेला. म्हणजे कोंबडा, सुतार, शाळेतली पाढ्यांची घोकणी असे आवाज होते, पण ते एकेक करून ऐकू येत होते. फेब्रुवारी लागला होता. आंब्याला मोहोर होता, अंगणाअंगणात वालाच्या शेंगा वाळत होत्या. दर चार-पाच किलोमीटरला इक्बालला कुणीतरी ओळखत होतं. तो मूळचा याच पट्टीतला.

मुक्काम त्याच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, रेवदंड्याच्या खाडीजवळ. खाला सत्तरीच्या पुढची. आम्ही टेकलो तोच तिने नारळाच्या दुधात भिजवलेली सांदणं पुढे ठेवली, आणि ती संपायच्या आत तांदळाच्या भाकऱ्या आणि ओल्या बोंबलांचं कालवण. आमच्याकडे गोड शेवटी असतं. तिच्याकडे गोड आल्याआल्या होतं आणि शेवटीही होतं. जेवताना तिने विचारलं की एवढा घाम गाळत आम्ही चाललोय कुठे. मी सांगितलं, बहिणीला लग्नाचं आमंत्रण द्यायला.

खालाचा हात थांबला. "आनि बायकोला का नाय आनलंस?"

"ती घरी आहे."

"दोघं बापे जाऊन आवतन देनार?" तिने इक्बालकडे बघितलं. "आमच्यात बाईमानसाशिवाय आवतन म्हंजे पोस्टमन येऊन गेला."

मी हसलो. म्हातारी माणसं बोलतात, असं मला वाटलं, आणि आणखी एक सांदण घेतलं.

दुसरा दिवस: जंगल

साळावचा पूल सकाळच्या धुक्यात ओलांडला आणि थोड्या वेळाने मोठा रस्ता सोडून आत वळलो. इथून करंजवाडीपर्यंत आम्हाला एकूण तीन वाहनं भेटली. एक दुधाची मोटरसायकल, एक बैलगाडी, आणि परत तीच मोटरसायकल.

जंगलाच्या तोंडाशी चौकी आहे. तिथल्या वनरक्षकाने वही उघडली.

"गाडी कुठंय?"

"हीच," मी सायकल दाखवली.

त्याने दोन्ही सायकलींना एक फेरी मारली, खुर्चीत बसला, आणि वहीत वाहनाच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. मग त्याने माठातलं पाणी दिलं आणि पुढचा चढ किती आहे ते हाताने दाखवलं. हात त्याने खांद्याच्या वर नेला होता.

चढ तेवढाच निघाला. दोन्ही बाजूंनी ऐन, किंजळ, अंजनी. मध्येच एखादी काटेसावर, पान एक नाही आणि लाल फुलांनी भरलेली. वर जायला लागलो तशी सावली दाट झाली. सायकलच्या साखळीचा आवाज, इक्बालचा श्वास, माझा श्वास, बाकी काही नाही. मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं प्रेस मशीनजवळ उभा होतो. नोकरी सोडून सात वर्षं झाली, पण ते मशीन माझ्या कानात अजून चालू असतं. त्या चढावर एका वळणाला मी पाय टेकले आणि लक्षात आलं, की ते बंद पडलंय. मला फार बरं वाटलं. इक्बालला सांगितलं तर तो म्हणाला, "कानात दडा बसला असेल. टेन्शन नको घेऊ, उताराला सुटेल."

शेकरू दिसलं. शेकरू म्हणजे मांजराएवढी खार, तांबडी, शेपूट तिच्याहून लांब. ती एका फांदीवरून दुसरीवर गेली आणि आमच्याकडे बघत राहिली. इक्बालने व्हिडिओ काढला. तो मी नंतर पाहिला. त्यात एक झाड आहे.

पुढे त्याचं मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पंक्चर काढताना त्याने तीन ठिकाणी सोल्युशन लावलं, भोक चौथ्या ठिकाणी निघालं. तोपर्यंत मी आक्काशी काय बोलायचं त्याची तयारी करत होतो. चढावर वाक्यं सुचली होती, पण बोलून बघायला श्वास नव्हता. आता श्वास होता, तर वाक्यं विसरलो होतो. एवढंच ठरलं, की आधी पाया पडायचं, मग नारळ आणि पत्रिका द्यायची, मग हळदीला ये म्हणायचं. कुंकू तिच्यासाठी नव्हतं. भावजी जाऊन पाच वर्षं झाली. कुंकू गावातल्या इतर बायकांसाठी होतं, तिच्या जावेला, शेजारणींना.

उतार वाईट होता. डांबर अर्ध्यात संपलं आणि दगड सुरू झाले. पुढच्या पिशवीत नारळ उड्या मारत होता. खाली पोचेपर्यंत त्याने कुंकवाची पुडी फोडली होती, पिशवीच्या चेनच्या फटीतून कुंकू बाहेर येत होतं, आणि माझ्या घामाने बाकीचं काम केलं होतं. हातमोजे, गुडघे, शर्टाची पुढची बाजू, सगळं लाल. इक्बाल म्हणाला, "गावात पुढे मी जातो, नाहीतर लोक डॉक्टर बोलावतील."

करंजवाडी

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारे बाबा बसले होते. इक्बाल पुढे असूनही त्यांची नजर माझ्यावर गेली.

"परलास काय रं?"

"नाय बाबा. कुंकू हाय."

ते थोडा वेळ सायकलकडे बघत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "गारी इकलीस?"

मी नाही म्हणालो, गाडी घरी आहे, सायकल मुद्दाम आणली. त्यांनी मान हलवली. शहाण्या माणसाने दुःखी माणसाचं ऐकून घ्यावं, तशी हलवली. आमच्या लोकांत माणूस जमिनीवर इमारती बांधतो, मग मोठी गाडी घेतो. गाडीवरून सायकलवर आला म्हणजे इमारतीही गेल्या, हा हिशोब सगळ्यांना पाठ. मी आक्काच्या अंगणात पोचलो त्याच्या आत बातमी पोचली होती. एक बाई कागदात गुंडाळलेली सहा अंडी घेऊन आल्या आणि "घरी ने हो" म्हणून माझ्या हातात देऊन गेल्या. मी घेतली. नाही म्हटलं असतं तर त्यांनी बारा आणली असती.

आक्का सूप घेऊन वाल पाखडत होती. चार वर्षांत ती वाळली होती. तिने मला नखशिखांत पाहिलं. मी पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला, आणि माझ्या लाल हातमोज्यांकडे बघून विचारलं, "यो काय?"

"कुंकू. वाटंला पुरी फुटली."

"कोनासाठी आनलंस?"

मी सांगायला लागलो. तुझ्या जावेला, शेजारच्या घरी, समोरच्या घरी. पाच नावं घेतली.

"आनि मना?"

"तुला नारल आनलाय, आक्का. पत्रिका हाय."

तिने सूप खाली ठेवलं. इक्बाल अंड्यांकडे बघत होता.

"तवा फोटू धारलास," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मना वाटलं, तुना येल नसंल. मंग समाजलं. मी कुंकू लावायची ऱ्हायले नाय, तं आमच्या घरी येऊन करनार काय, असाच ना? वयनीला परश्न परला, लावू का नको. मंग फोनच बरा."

ते तंतोतंत खरं होतं. चार वर्षांपूर्वी सुनंदा आणि मी हे बोललोही नव्हतो. आक्काच्या दारात उभं राहिल्यावर कुंकवाचा करंडा उघडायचा की झाकायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही दोघांनी मिळून ते जाणंच टाळलं, आणि वेळ नव्हता असं एकमेकांना सांगितलं. आज मी दोन दिवस सायकल मारून, डोंगर चढून पुन्हा तेच घेऊन आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

"मानूस गेला माजा," आक्का म्हणाली. "गला नाय गेला."

मग ती उठली आणि चुलीकडे गेली. आम्हाला तिने वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. इक्बालला तिने आग्रह करून करून वाढलं, मला न विचारता. जावेला, शेजारणींना आमंत्रण देणं राहिलंच. कुंकू होतं कुठे? ते सगळं मी अंगावर घातलं होतं.

सकाळी निघताना मी विचारलं, "येशील ना हलदीला?"

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. तिने प्रणालीसाठी वालाची एक पिशवी दिली आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत ओट्यावर उभी होती.

परतीची वाट

खिंडीत मोबाइलला रेंज आली. तिथे पाणी पिताना इक्बाल म्हणाला, "पाटील, रागवू नको. तू काल पंक्चर काढलंस. मी काढलं तसंच. भोक सोडून सगळीकडे सोल्युशन."

मी सुनंदाला फोन लावला. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, करंड्याचंही.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला. 'सावकाश या. घाई नाही.' मला बायकोच्या समजूतदारपणाचं फार कौतुक वाटलं. मी इक्बालला तो वाचून दाखवला. त्यालाही वाटलं.

घाई नाही म्हटल्यावर आम्ही लांबचा रस्ता धरला. मुरूडच्या बाजूने डोंगराच्या कडेकडेने गेलो, एका वळणावरून समुद्र आणि पाण्यातला किल्ला पाहिला, झऱ्यात पाय सोडून बसलो. एका आदिवासी बाईकडून बोरं घेतली. तिने मापाला नारळाची करवंटी वापरली आणि मूठभर वर घातली. माझं मन मात्र कुठेच लागत नव्हतं. हळदीला प्रणाली बसली नाही तर काय, याची चित्रं डोळ्यांपुढे येत होती. जंगल तेच होतं, शांतता तीच होती, पण कानातलं मशीन पुन्हा चालू झालं होतं.

संध्याकाळी खालाकडे पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, वर जाळ. करंजवाडीची सहा अंडी त्यात गेली. खालाने विचारलं, "येते म्हनाली काय?" मी म्हणालो, बघू म्हणाली. खालाने माझ्याकडे पाहिलं आणि मडक्यातली सगळ्यात चांगली शेंग मला दिली.

सानपाडा

चौथ्या दिवशी दुपारी सायकल बिल्डिंगखाली लावली तेव्हा आमची गाडी चाकांपासून काचेपर्यंत लाल मातीने माखलेली होती. आमच्या भागात तशी माती नाही. इक्बाल म्हणाला, "कोणी नेली होती?" आणि चहा प्यायला माझ्याबरोबर वर आला.

दारात चपलांचा एक जोड होता, निळ्या पट्ट्यांचा. दोन दिवसांपूर्वी तो मी करंजवाडीच्या ओट्यावर पाहिला होता.

हॉलमध्ये, पंख्याखाली, आक्का बसली होती. कपाळावर कुंकू, चांगलं रुपयाएवढं. प्रणाली तिच्या पायाशी मोबाइल घेऊन बसली होती. तिनेच मला सांगितलं. "तुमचा फोन ठेवला आणि आई म्हणाली, गाडी काढ. मी चालवली. पोचल्यावर आई आत्याला काय बोललीच नाय. आत्या वाल पाखडत होती, आईने करंडा उघडला, कुंकू लावलं, आणि मग तिथंच बसून दोघी रडल्या. मग आत्या मला ओरडली, की मी बारीक झालेय."

म्हणजे आम्ही खिंडीच्या पलीकडे बोरं खात होतो तेव्हा हे झालं होतं. 'घाई नाही' असं सुनंदाने का लिहिलं, तेही मला आता कळलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी बघत होतो.

आक्काने मला वर-खाली न्याहाळलं. शर्टावरचं लाल धुऊन गेलं नव्हतं.

"तिनं इचारलं नाय," ती म्हणाली. "लावलं."

मला काहीतरी बोलायचं होतं. चढावर सुचलेलं एक वाक्य आत्ता अगदी स्वच्छ आठवत होतं. मी खाली वाकून एका पायातला बूट काढला, तेवढ्यात प्रणालीने मोबाइल पुढे धरला, "आत्या, हळदीचा म्हण ना, मला पाठ करायचाय." आक्काने घसा साफ केला, डोळे मिटले आणि धवला धरला.

गळा खरंच गेला नव्हता. पहिल्याच ओळीला तो घरभर गेला, जिन्यात गेला. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी दार उघडून उभं राहिलं. सुनंदा चमचा हातात धरून थांबली. इक्बालला आमचा नियम माहीत नव्हता. तो खुर्चीकडे निघाला होता, मी त्याचा दंड धरला. मी एक बूट पायात, एक हातात, डोक्यावर हेल्मेट, असा उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

धवला मोठा होता. मला घाई नव्हती.